मूळचे कुठले?

बँकेतल्या माणसाला प्रवासाची आवड असते, असा एक गोड गैरसमज आहे. त्याला आवड असते ती एलएफसीची. चार वर्षांतून एकदा बँक भाडं देते म्हटल्यावर जवळपास कुठे जायचा विचार मनात आणणं हेसुद्धा पाप. आमच्या शाखेतली निम्मी मंडळी अंदमानला जाऊन आली आहेत. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे डोळे पुसायचे, हॅवलॉकला (2018 पासून स्वराजद्वीपला) पाण्यात उभं राहून फोटो काढायचे आणि परतल्यावर शिंपल्यांच्या कीचेन वाटायच्या. मी लिटल अंदमान निवडलं. कारण एकच, तिथे आमच्या शाखेतलं कुणीही गेलेलं नव्हतं.

पोर्ट ब्लेअर, म्हणजे 2024 पासूनचं श्री विजयपुरम, तिथून दक्षिणेला सरकारी बोटीने सात-आठ तास. एका बाजूचा समुद्र पाहून कंटाळा आला तेव्हा आमची ही दुसऱ्या बाजूचा पाहायला गेली. तोही तसाच निघाला. हट बेला उतरलो तर जिकडेतिकडे झाडी. हिरव्या रंगाचे इतके प्रकार मी फक्त हिच्याबरोबर साडीच्या दुकानात पाहिले होते. पुढे नारळ-पोफळी दिसू लागल्या, तशी ही म्हणाली, "अहो, हे तर गुहागर!" भाडं बँकेचं होतं म्हणून बरं.

बेट पार पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलंच. त्यामुळे पहाटे पाचला लख्ख उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचला अंधार पडू लागतो. पत्त्यांची तर मजाच. बंदरापासून रस्ता निघतो आणि माणसं त्या रस्त्याच्या किलोमीटरवर राहतात. "घर कुठे?" "सोळा किलोमीटर." पिनकोड पाठ करण्यात आयुष्य घालवलेल्या मला हा पत्ता फार आवडला.

अकरा किलोमीटरला, म्हणजे नेताजीनगरला, चहाच्या टपरीवर एक बंगाली म्हातारबाबा भेटले. मराठी माणूस परक्याशी बोलणं एकाच प्रश्नाने सुरू करतो. मीही माझ्या बँकछाप हिंदीत विचारलं, "आप मूल के कहाँ के?"

"अकरा किलोमीटर," बाबा म्हणाले.

"नाही, त्याच्या आधी?"

आधी पूर्व बंगाल. फाळणीनंतर तिथून बाप उठला, निर्वासितांच्या छावण्यांमधून फिरला आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने जंगल तोडून इथे जमीन दिली. पोरवयात बाबा बापाचं बोट धरून बोटीतून उतरले. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामीत घर गेलं. सुपारीची झाडं गेली. मुलगा म्हणत होता, मेनलँडला जाऊ. "मेनलँडला माझं कोण आहे?" असं म्हणून बाबांनी पुन्हा सुपारी लावली. हे सगळं त्यांनी बिस्कीट चहात बुडवत सांगितलं आणि त्यांचं एकही बिस्कीट बुडालं नाही. माझी दोन गेली.

"मूळचे म्हणाल तर ते," त्यांनी जंगलाकडे बोट केलं. "ओंगे. आम्ही सगळे नंतरचे."

त्यांच्या वस्तीत आपल्याला जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. समुद्र मागे हटलेला पाहून ओंगे त्या दिवशी वेळीच उंचावरच्या जंगलात गेले आणि वाचले. आकडे मात्र वेगळं सांगतात. 1901 च्या शिरगणतीत ओंगे होते 672. 1971 मध्ये 112. 2011 मध्ये 101. पंचवीस वर्षं मी लोकांची खाती बघतोय, नुसतं काढणंच काढणं असलेलं खातं मला लांबून ओळखू येतं. हे खातं त्यांनी स्वतः काढून संपवलेलं नाही, एवढाच फरक. मी चहाचा कप खाली ठेवला. ही काही बोलली नाही, यावरून काय ते समजा.

मग बाबांनी विचारलं, "आणि दादा, तुम्ही मूळचे कुठले?"

आता आली पंचाईत. आडनाव ज्या गावाचं, ते गाव मी पाहिलेलं नाही. आजोबा चिपळूणचे, वडील गिरगावातल्या चाळीतले, आणि मी लग्नानंतर डोंबिवलीत. चाळ पाडून तिथे टॉवर झाला. मी बराच वेळ गप्प बसलेला पाहून हीच म्हणाली, "स्टेशनपासून दोन किलोमीटर."

बाबांना पत्ता लगेच कळला. त्यांनी टपरीवाल्याला आणखी तीन चहा सांगितले.