तुटणारी चाल

परवा दादा, वहिनी आणि पुतण्या पुण्याहून विठ्ठलवाडीला आले होते. कारण काही गोड नव्हतं. बाबा गेल्यावर आईने इथे एकटीने राहायचं की जागा विकून पुण्याला जायचं, यावरून दादाचं नि माझं दीड वर्ष धड बोलणं नाही. कामापुरता व्हॉट्सअ‍ॅप, बस्स.

मी पेपरात डोकं घालून बसलो होतो. पुतण्याने टीव्हीवर 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' (२०१८) लावला आणि माझे कान टवकारले. अरे, हा तर आपला मारिओ! तीच चाल, पण भरगच्च वाद्यमेळात, नव्या ठेक्यावर. छान होती. तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं...

मग लक्षात आलं. ही चाल कुठे तुटतच नव्हती!

कोजी कोंडो यांनी १९८५ साली ती बांधली तेव्हा त्या यंत्रात आवाजाच्या वाटा होत्या जेमतेम पाच. त्यातल्याच वाटा खेळातल्या आवाजांनाही लागायच्या. मारिओने उडी मारली की साथीचा सूर तेवढ्यापुरता गप्प. नाणं घेतलं की मुख्य चालच क्षणभर गायब. म्हणजे खेळणारा बदलला की गाणंही बदलायचं. नव्या खेळात आवाज गाण्यावरून जातात, गाण्याला धक्का लागत नाही.

आमच्याकडचा व्हिडिओ गेम बाबांनी शेजारच्या उल्हासनगरातून आणलेला, अस्सलची नक्कल. कॅसेटमध्ये फुंकर मारल्याशिवाय चालायचा नाही. (तुम्हीही मारली असेलच!) दादा एकही नाणं सोडायचा नाही, त्यामुळे त्याची चाल सारखी तुटायची. मी नाणी सोडून सुसाट पळायचो. आई आत पोळ्या लाटता लाटता नुसत्या आवाजावरून ओळखायची आणि ओरडायची, "मोठ्या, पुरे आता, धाकट्याला दे!"

पुतण्याच्या यंत्रात जुना मारिओही निघाला. दादा म्हणाला, "बघू रे जरा." खेळायला लागला. नाण्यामागून नाणं, चाल तुटतेय, जोडतेय. मी गप्प बसून ऐकत होतो.

आणि आतून आवाज आला, "मोठ्या, धाकट्याला दे आता."

दादाने माझ्याकडे पाहिलं. काही न बोलता रिमोट माझ्या हातात दिला.

आम्हा दोघांपैकी कोण खेळतंय हे न बघता सांगणाऱ्या बाईला तिच्या जागेबद्दल मात्र आम्ही दीड वर्षात एकदाही विचारलं नव्हतं. माझं म्हणणं आईच्या भल्याचं, दादाचंही आईच्या भल्याचं. त्या रात्री जेवताना दोघांनी मिळून विचारलं, "आई, तुला काय हवंय?"

ती आमटी वाढता वाढता थांबली. म्हणाली, "सांगते. घाई करू नका."

अजून सांगितलेलं नाही. आम्ही वाट बघतोय. फोनवर बोलतोयही.

असो.