खोटं लग्न, खरी नावं



आपल्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, म्हणून संध्याकाळ मोठी होते. मंदिरातून आरती करून आलं की मी आणि हे टीव्हीसमोर बसतो. पुण्याच्या लेकीने यंदा 'द अमेरिकन्स' ही मालिका लावून दिली. "आई, नवरा-बायकोची गोष्ट आहे," एवढंच म्हणाली. (आधीच सांगते, हिंसा आणि नको ती दृश्यं भरपूर आहेत. मुलांसमोर लावू नका. आम्ही रिमोट हातात घेऊनच पाहिली.)

१९८० च्या दशकातला काळ. फिलिप आणि एलिझाबेथ वॉशिंग्टनजवळ राहतात, ट्रॅव्हल एजन्सी चालवतात. एक मुलगी, एक मुलगा. चारचौघांसारखं घर. खरं तर दोघे रशियाचे हेर. जोडी लावली ती त्यांच्या संघटनेने. स्वभाव दोन टोकांचे. तिला फक्त देशकार्य दिसतं, त्याला अमेरिकेतलं हे सुखाचं आयुष्य आवडू लागलेलं. पूर्वीच्या आयुष्याबद्दल एकमेकांना काही सांगायचं नाही, हा नियम. इतकी वर्षं एका ताटात जेवून बायकोचं खरं नाव माहीत नाही!

मला वाटलं, असं कुठे असतं का? पण ही मालिका अमेरिकी गुप्तचर खात्यात काम केलेल्या जो वाइसबर्ग यांनी रचली आहे, आणि २०१० मध्ये अमेरिकेत दहा रशियन हेर खरोखर पकडले गेले, त्यांत अशी जोडपीही होती. अलीकडचं तर आणखी चटका लावणारं. स्लोव्हेनियात एक जोडपं अर्जेंटिनाचं म्हणून राहत होतं. १ ऑगस्ट २०२४ ला कैद्यांच्या अदलाबदलीत ते रशियाला परतलं. आपण रशियन आहोत हे त्यांच्या दोन्ही मुलांना विमानात बसल्यावर कळलं. मुलांना रशियन येत नव्हतं, म्हणून विमानतळावर पुतिन यांनी त्यांना स्पॅनिशमध्ये नमस्कार केला. त्या लेकरांच्या मनाचं काय झालं असेल?

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यात कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटे कागद करणं. साकारमंत्रभेद आहे, म्हणजे समोरच्याच्या चेहऱ्यावरून मनातलं ओळखून ते फोडणं. हेरांचा सगळा धंदाच तो! मी खूश होऊन यांना म्हटलं, "बघा, आपल्या आचार्यांनी सगळं लिहून ठेवलंय." आणि म्हणता म्हणता गप्प झाले.

कारण गेल्या वर्षी मला भिशी लागली होती. चाळीस हजार. बहिणीच्या मुलाची फी अडली होती, मी तिला देऊन टाकले. यांनी विचारलं तर म्हटलं, "अजून नंबर नाही आला." मग दर महिन्याला तेच विचारणं आणि तेच उत्तर. पर्युषणात तिसऱ्या दिवशी उत्तम आर्जवाची पूजा केली, मन-वचन-काया सरळ ठेवण्याचा तो दिवस, आणि घरी येऊन पुन्हा तेच बोलले.

मालिकेच्या पहिल्याच भागाच्या शेवटी एलिझाबेथ नवऱ्याला आपलं खरं नाव सांगते. नादेझ्दा. एवढंच. पण मला वाटतं, त्यांचा खरा संसार त्या क्षणी सुरू झाला. पुढे पाचव्या सीझनमध्ये ते पाद्र्यासमोर खऱ्या नावांनी गुपचूप लग्नही करतात.

मी टीव्ही बंद केला आणि भिशीचं सांगितलं.

हे म्हणाले, "मला माहीत होतं. तू कधी सांगतेस ते बघत होतो." नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले, दुकानाच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. शुगरचा रिपोर्ट. चार महिन्यांपूर्वीचा! डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं होतं, आणि मी रोज चहात दोन चमचे साखर घालत होते. दिवाळीत यांच्या आवडीचे बेसनाचे लाडू तर आग्रह करून वाढले. लपवणं दोघांचंही, पण त्यांच्या लपवण्यात माझेच हात वापरले गेले, याचं रडू आलं.

आपलं पैठण पैठणीचं गाव. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा पदर उलटून पाहा, दोन्ही बाजूंनी नक्षी सारखीच. रेशमासाठी जीवहिंसा होते म्हणून मी माझी लग्नातली पैठणी आता नेसत नाही. त्या रात्री मात्र कपाटातून काढून पदर उलटा-सुलटा करून बघत बसले. आमचं लग्न पंचांच्या साक्षीने झालेलं, अगदी खरं. तरी उलट बाजूला दोघांनी केवढ्या गाठी लपवल्या होत्या!

हे सगळं यांना वाचून दाखवूनच इथे टाकते आहे. नवरा-बायकोचं खाजगी फोडणं हाही त्याच पाचांतला एक अतिचार, रहोभ्याख्यान. हे म्हणाले, "टाक, पण साखरेचं आधी टाक, कुणाचा तरी रिपोर्ट बाहेर येईल."

आता घरात बिनसाखरेचा चहा होतो, दोघांचाही. क्षमावाणीला आपण सगळ्या गावाला 'उत्तम क्षमा' म्हणतो. यंदा पहिली क्षमा घरातच मागा, आणि कशाची ते नाव घेऊन मागा.

जय जिनेंद्र!