शून्य ज्यूल

यांत्रिकीच्या पुस्तकात हे उदाहरण हमखास असतं. हमाल डोक्यावर 50 किलोचं पोतं घेऊन सपाट रस्त्यानं 40 मीटर चालतो. त्यानं पोत्यावर किती काम केलं? उत्तर : शून्य. अभ्यासमंडळात हे वाचलं की पोरं भडकतात. कुणीतरी म्हणतंच, हे मनूचं गणित, फेका ते पुस्तक.

फेकू नका. उत्तर बरोबर आहे. डोक्याचा जोर वर, चाल आडवी, मधे 90 अंशाचा कोन. आणि काम म्हणजे बल गुणिले त्या बलाच्या दिशेनं झालेलं विस्थापन. चालू लागताना पोत्याला गती द्यावी लागते, तेवढं काम होतं, पण थांबताना ते परत वजा जातं. मात्र शून्य पाठ करून पुढं सरकणाराही तितकाच बिनकामाचा. 'काम' या शब्दाला हा अर्थ कोरिओलिस या फ्रेंच इंजिनियरनं 1829 साली दिला, तो यंत्रांच्या हिशेबासाठी. सूत्र मोजतं ते पोत्याला काय मिळालं. माणसाचं काय गेलं हे त्याला कुणी विचारलेलंच नाय.

आता तेच पोतं 1.5 मीटर उचला. 50 गुणिले 9.8 गुणिले 1.5, म्हणजे 735 ज्यूल. एका भाकरीत 150 किलोकॅलरी धरा. एका किलोकॅलरीचे 4184 ज्यूल. भागा. एका भाकरीवर 854 पोती! शरीर ऊर्जेचा चौथा हिस्साच अशा कामाला लावतं असं धरलं तरी 213. या, उचलून दाखवा. बाकीची ऊर्जा गेली कुठं? माणूस पोत्यासंगं स्वतःचं अंगही वाकवतो, उचलतो. ताणून धरलेला स्नायू जागचा हलला नाय तरी आत जळत राहतो, त्याची उष्णता होते. मान, पाठ, काळीज, श्वास. घाम येतो तो ही उष्णता बाहेर टाकायला. शून्य ज्यूलवाला हमाल घामानं भिजतो तो असा, आणि यात पदार्थविज्ञानाचा एकही नियम मोडत नाय.

आणखी एक. कामाच्या सूत्रात वेळ नसतो. पोतं दोन सेकंदांत उचला की दहा, 735 च. वेळ येतो शक्तीत : पहिल्या वेळी सुमारे 367 वॉट, दुसऱ्या वेळी 73. मुकादम 'हात चालवा' म्हणतो तेव्हा पोत्यामागं काम तेवढंच राहतं, वॉट चढतात. 1942 ते 1946 मजूर खातं बाबासाहेबांकडं होतं, आणि 48 तासांचा आठवडा 1946 च्या फॅक्टरी कायद्यातल्या दुरुस्तीनं आला. तिथं तास मोजले, पोती नाय.

पुढच्या बैठकीला हे सोडवून आणा. 200 किलोची भरलेली हातगाडी, 2 मीटर उंचीचा चढ, घर्षण सोडून द्या. चढ 10 मीटर लांब असेल तर रेटायला किती बल, 20 मीटर असेल तर किती? काम दोन्हीकडं 3920 ज्यूल येईल. बल तेवढंच येणार नाय. आकृती काढल्याबिगर कुणी उत्तर सांगायचं नाय.