मूळचे कुठले?

आमच्या भागात नव्या माणसाशी ओळख झाली की दुसऱ्या वाक्यात आडनाव येतं आणि तिसऱ्या वाक्यात प्रश्न येतो, "म्हणजे मूळचे कुठले?" कानडी माणूस विचारतो, "निम्म ऊर यावदरी?" प्रश्न एकच. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काही वावगं नसतं. चहा येईपर्यंत दोन घटका गप्पा व्हाव्यात, निघालीच तर एखादी सोयरीक निघावी, एवढाच हेतू. पण १९५६ नंतर सीमाभागात वाढलेल्या माणसाला या प्रश्नाची दुसरी धारही ठाऊक असते. उत्तर ऐकून कुणी खुर्ची पुढे सरकवतो, कुणी जरा मागे घेतो.

आमचं आडनाव हुक्केरीकर. हुक्केरी म्हणजे 'हूविन केरी', फुलांची आळी, असं त्या गावचे लोक सांगतात. म्हणजे फुलं कानडी, आळी कानडी आणि शेवटचा 'कर' तेवढा मराठी. एवढ्याशा नावाच्या आमच्या घरात तीन तऱ्हा आहेत. कोल्हापूरला गेलेले थोरले काका 'हुकेरीकर' झाले. इथल्या रेशनकार्डावर 'कर' गळून आम्ही नुसते 'हुक्केरी' उरलो. धाकट्या भावाच्या दाखल्यात नाव इंग्रजीतून कानडीत आणि कानडीतून परत मराठीत येता येता 'हुक्करीकर' झालं, आणि ते दुरुस्त करायला त्याच्या चपला झिजल्या. एकाच आजोबांची नातवंडं, पण कागदोपत्री तीन घराणी.

आडनावांची ही खोड मला माझ्या नातवाने एका वेगळ्याच दिशेला नेऊन दाखवली. माझ्या कपाटात दोन जाडजूड कोश शेजारी शेजारी आहेत. एक मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी, पहिल्यांदा १८३१ साली निघालेला; दुसरा किट्टेलसाहेबांचा कानडी-इंग्रजी, १८९४ सालचा. आमच्या दोन्ही भाषांचे हे दोन कारकून. नातवाने कोशाच्या कण्यावरचं नाव वाचलं आणि विचारलं, "आजोबा, किट्टेल म्हणजे कित्तूरकडचे का?" घरात हशा पिकला. पण पोराने आपल्या रीतीप्रमाणे अगदी रास्त प्रश्न विचारला होता. मोल्सवर्थ तर आपल्याच पठडीतला निघाला. इंग्लंडात त्या नावाचं गाव आहे, आणि 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली वाडी. मूल नावाच्या कुणा जुन्या माणसाची वाडी ती मोल्सवर्थ. आपल्याकडे असते तर साहेब 'मूलवाडीकर' म्हणून खपून गेले असते. किट्टेलचं गाव मात्र सापडेना, कारण ते आडनाव गावावरून पडलेलंच नाही.

किट्टेल हा जर्मन शब्द वस्त्राचा आहे. जर्मनीत त्याचा उच्चार 'किटल' असा होतो. त्यातला 'ट' दुहेरी आणि ठसठशीत केला तो आपल्या धारवाडी जिभेने. काम करताना अंगातल्या कपड्यांवरून जो सैल डगला घालतात, तो किटल. दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटालाही जर्मन माणूस आज हाच शब्द वापरतो. मध्ययुगात असे डगले शिवणारा, किंवा सदानकदा तसल्या डगल्यात दिसणारा कुणीतरी असेल. शेजाऱ्यांनी त्याला तेच नाव ठेवलं आणि ते पोरांनातवंडांना चिकटलं. आपल्याकडे घोंगडे आहेत, टोपीवाले आहेत. कानडी मुलखात अक्की, बेल्लद, मेणसिनकाई म्हणजे तांदूळ, गूळ, मिरची आहेत. त्यातलाच हा प्रकार. जर्मनीत म्युलर म्हणजे पिठाच्या गिरणीवाले, श्मिट म्हणजे लोहार आणि श्नायडर म्हणजे शिंपी गल्लोगल्ली भेटतात. त्या मानाने किट्टेल विरळ. त्यांची जुनी वस्ती शोधायची ती सॅक्सनी, सायलेशिया आणि उत्तर बोहेमियाच्या पट्ट्यात, जिथे जर्मन, पोलिश आणि चेक या भाषा एकमेकींच्या अंगणात नांदत होत्या.

माणसं थोडी, पण शब्द मात्र फार हिंडला. पोलिश लोकांनी तो 'कितेल' म्हणून घेतला, चेकांनी 'कित्ले' म्हणून. रशियात लष्करी अधिकाऱ्याच्या अंगरख्याला 'कीतेल' म्हणतात. आणि पूर्व युरोपातल्या ज्यू घरांत 'किटल' म्हणजे पवित्र पांढरं वस्त्र. योम किप्पूरच्या उपासाला ते घालायचं, कित्येक घरांत नवरदेवाने लग्नात घालायचं, आणि शेवटी अंगावर घेऊन जायचं तेही तेच. एका साध्या डगल्याला कुणी सैन्यात भरती केलं, कुणी देवापुढे उभं केलं.

आपले किट्टेलसाहेब मात्र या पट्ट्याबाहेर जन्मले. फर्डिनांड किट्टेल यांचा जन्म १८३२ साली पूर्व फ्रिझियातल्या रेस्टरहाफे गावचा. हा उत्तर समुद्राकाठचा, हॉलंडच्या सीमेला लागलेला मुलूख. म्हणजे साहेबही आपल्यासारखे सीमाभागातलेच. तिथली नावांची रीतच निराळी होती. बापाचं नाव मुलाला जोडायचं, यानचा मुलगा यान्सेन, आणि पुढच्या पिढीत ते पुन्हा बदलायचं. नेपोलियनच्या अमलात १८११ साली हुकूम निघाला की प्रत्येकाने एक कायमचं आडनाव घ्यावं. तरी लोक जुनी रीत सोडायला नाखूश होते. अशा गावात पाद्रीसाहेबांच्या घराण्याचं हे डगल्याचं आडनाव उठून दिसलं असणार. फर्डिनांड १८५३ साली, एकविसाव्या वर्षी, बासेल मिशनतर्फे मंगळुरास उतरले ते धर्मप्रसारासाठी, आणि अडकले ते कानडीत. हुबळी, धारवाड, मडिकेरी, मंगळूर असं फिरत त्यांनी केशिराजाचं 'शब्दमणिदर्पण' आणि नागवर्म्याचं 'छंदोंबुधि' संपादून छापलं, आणि वर्षानुवर्षं शब्द वेचून सुमारे सत्तर हजार शब्दांचा कोश केला. ट्युबिंगेन विद्यापीठाने १८९६ साली त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९०३ साली त्याच ट्युबिंगेनात त्यांचा देह पडला. धारवाडात त्यांच्या नावाचं कॉलेज आहे, आणि तिथल्या कुठल्याही रिक्षावाल्याला ते नाव परकं वाटत नाही.

इथवर आलो तेव्हा वाटलं, आडनाव म्हणजे घराण्याचं संचितच जणू. पण ट्युबिंगेनातच आणखी एक किट्टेल होऊन गेले, आणि तो समज तिथे मोडला. गेरहार्ड किट्टेल हे त्या विद्यापीठात धर्मशास्त्राचे प्राध्यापक. योगायोग असा की तेही कोशकार. बायबलच्या नव्या करारातल्या ग्रीक शब्दांचा त्यांनी सुरू केलेला कोश आजही अभ्यासक उघडतात. त्याचा पहिला खंड १९३३ सालचा. त्याच वर्षी ते हिटलरच्या पक्षात दाखल झाले आणि ज्यूंच्या प्रश्नावर त्यांनी एक पुस्तक लिहिलं. जर्मनीतल्या ज्यूंना नागरिक मानू नये, पाहुणे मानावं, असा त्यातला सल्ला होता. आता कलोन शहरात ज्यू राहत असल्याचा लेखी पुरावा इसवी सन ३२१ सालचा आहे. सोळाशे वर्षांच्या रहिवाशाला हे गृहस्थ विचारत होते, मूळचे कुठले? तेही अशा आडनावाने, जे त्या ज्यूंच्या घरी सणाचं वस्त्र म्हणून जपलं जात होतं. पुढे काय घडलं ते जगाला ठाऊक आहे. १९४५ साली गेरहार्ड यांना अटक झाली, प्राध्यापकी गेली, आणि १९४८ साली ते वारले. शब्दांचं मूळ शोधणारा माणूस माणसांचं मूळ विचारायला लागला की काय होतं, ते मी तेव्हापासून विसरलेलो नाही.

आणि हा प्रश्न फिरून विचारणाऱ्यांवरच उलटतो. उत्तर बोहेमियाच्या डोंगरात अठराव्या शतकात योहान किट्टेल नावाचे वैद्य होते, १७०४ ते १७८३ हा त्यांचा काळ. त्यांचा हातगुण असा की लोककथांनी त्यांना जादूगारच करून टाकलं. त्या भागातले जर्मन आणि चेक पिढ्यानपिढ्या शेजारी होते. १९३८ साली हिटलरने भाषेच्या नावाखाली तो मुलूख तोडून घेतला. युद्ध संपल्यावर, १९४५ आणि १९४६ साली, चेकोस्लोवाकियातून सुमारे तीस लाख जर्मन भाषिकांना बाहेर काढण्यात आलं. त्यात पापी होते तसे निष्पाप होते, दुधाची पोरं होती. आडनाव आणि घरातली बोली एवढ्यावर निकाल लागला. आज त्या क्रास्ना गावात वैद्यबुवांच्या नावाचं संग्रहालय आहे, आणि त्यांच्या गोष्टी तिथे चेक भाषेत सांगितल्या जातात. नाव राहिलं, त्या नावाची बोली बोलणारे शेजारी गेले.

आपण त्या टोकाला गेलो नाही, ही आपली पुण्याई. इथल्या भाषेच्या हक्काची लढाई मला परकी नाही. मराठी पाटीसाठी मीही उन्हात उभा राहिलो आहे आणि गरज पडली तर पुन्हा राहीन. पण हक्क मागणं वेगळं आणि शेजाऱ्याला पाहुणा ठरवणं वेगळं. धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी. त्यांनी कानडी कवितेला जे दिलं, त्यासाठी १९७३ सालचं ज्ञानपीठ त्यांच्याकडे चालत आलं. बेंद्रे मूळचे कुठले, हे विचारून कानडी माणसाने त्यांना परत पाठवलं नाही, आणि त्यांनाही घरची मराठी टाकावी लागली नाही.

किट्टेलसाहेबांचा कोश चाळताना मला नेहमी एक गोष्ट भावते. कानडीत रुळलेले पुष्कळ शब्द मराठीतून आलेले आहेत, आणि साहेबांनी जागोजाग तशी खूण करून ठेवली आहे. शब्द मूळचा कुठला हे त्यांनी लपवलं नाही. पण मराठीतून आला म्हणून त्याला कोशाबाहेरही ठेवलं नाही. खूण आहे, अर्थ आहे, आणि कानडी शब्दांच्या ओळीत त्याची जागा आहे.