आनंदीबाईंचं जाकीट

स्नेहसंमेलनात तुम्ही कधी ना कधी झाशीची राणी नाहीतर मावळा झाला असालच! भाड्याचे कपडे आणायचे, टाचण्या लावायच्या, की झालं. पण तेच कपडे घरी शिवायला घ्या. इतिहासाचा एक वेगळाच तास सुरू होतो, बरं का!

माझ्या सातवीतल्या भाचीला डॉ. आनंदीबाई जोशींचं काम मिळालं. प्रवेश होता अमेरिकेतला. "मावशी, मला लांब बाह्यांचं जाकीट शिवून दे ना!" असा तिचा हट्ट.

जाकीट कशाला? सांगते. आनंदीबाई १८८३ साली कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यांनी निघण्यापूर्वी भर सभेत सांगितलं होतं. पण तिकडे कडाक्याची थंडी! नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहत. म्हणून त्या गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या. साडी सोडली नाही, फक्त नेसण्याची तऱ्हा बदलली. अशा साडीवर त्या काळाला शोभेलसं जाकीट मला शिवायचं होतं.

आता कापड कोणतं? नायलॉन, टेरिलीन बाद! ते विसाव्या शतकातले. म्हणून जाड सुती कापड घेतलं. रंग? आनंदीबाईंचा १८८५ सालचा, जपानच्या आणि सीरियाच्या विद्यार्थिनींबरोबरचा फोटो प्रसिद्ध आहे, पण तो काळापांढरा. भाचीला हवा होता जांभळा. चालेल का? चालेल की! अठरा वर्षांच्या विल्यम पर्किननं १८५६ सालीच प्रयोगशाळेत जांभळा रंग बनवला होता. शिवणयंत्रही चालेल, कारण सिंगरचं पेटंट १८५१ सालचं. चेन मात्र चालणार नाही. म्हणून पुढे दहा बटणं आणि दहा काजी. काजी हातानंच केली. बोटांची पार चाळण झाली!

चांगलं कापड एकदम कापायचं नसतं. आधी वर्तमानपत्रावर माप काढायचं, मग स्वस्त मांजरपाटाचं कच्चं जाकीट टाचून अंगावर घालून बघायचं. पाठीला आणि छातीला चुण्या घेतल्या, की जाकीट कमरेशी बेतशीर बसतं. भाचीनं कच्चं जाकीट घातलं, आरशात पाहिलं आणि पदवी घेण्यासाठी हात पुढे केला. बगलेत कापड ताणलं! मग तिथे चौबगला जोडला. चौबगला म्हणजे काखेत बसवलेला कापडाचा छोटा चौकोन. आजोबांच्या बंडीला असतो ना, तोच. आता हात वर, खाली, कसाही हलवा.

"मावशी, हे घालून त्या दिवसभर अभ्यास करायच्या?" भाचीनं विचारलं. खरंच, नुसतं वाचून हा प्रश्न पडत नाही. अंगावर तसे कपडे घातले, की पडतो. परका देश, परकी भाषा, आणि आपण काय घालतो याकडे सगळ्यांचं लक्ष! तरीही १८८६ साली त्यांनी डॉक्टरची पदवी मिळवली. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. वय होतं अवघं एकवीस.

तुमच्या घरी आजी-पणजीचा जुना फोटो असेल, तर तो घेऊन मोठ्या माणसांजवळ बसा. बाही केवढी, बटणं किती, कापड कुठलं, ते विचारा. आणि रंगही विचारा हं! फोटोत तो दिसत नसला, तरी आजीला नक्की आठवत असेल.