टाहोच्या वाटेवर

सॅक्रामेंटोहून टाहो सरोवराकडे निघताना कॅम्परच्या टपावर दोन कयाक पट्ट्यांनी आवळल्या आणि आम्ही निश्चिंत झालो. ऑबर्नला सहज थांबलो, तो पुढचा पट्टा सैल! मागून येणाऱ्या गाड्यांतील मुले आठवून अंगावर काटा आला. पट्टा पुन्हा ताणला, मात्र बेताने. उन्हात तापलेले प्लास्टिक जास्त आवळले तर दबते. वाऱ्यात फडफडू नये म्हणून त्याला एक पीळ दिला. दोन्ही टोके स्वतंत्र दोरांनी बांधली. सुमारे २,२०० मीटर उंचीवरील डोनर खिंडीत वारा झोंबला, पण कयाक हलल्या नाहीत. पेढीवरून मालाचा टेम्पो निघाला की वडील तो नाक्यावर थांबवून दोर चाचपत. तेव्हा आम्ही हसत असू. टाहोचे निळे पाणी दिसले, तेव्हा प्रथम तेच आठवले.