बारा तुकड्या पुरेत

टेबलावरच्या युद्धखेळात सैन्य किती मोठं असावं, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण कपाटातल्या बाहुल्या मोजून देतात. मला ते पटत नाही. सैन्याचं माप निर्णयांवरून ठरावं. ‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळात सैन्याचं आकारमान गुणांत मोजतात; त्याच्या २०२०च्या आवृत्तीत १,००० गुणांच्या सैन्याला ४४ बाय ३० इंचांचं मैदान सुचवलेलं होतं आणि २,००० गुणांना ४४ बाय ६० इंचांचं. सैन्य दुप्पट, तर जागाही दुप्पट. जागा न वाढवता सैन्य वाढवलं की बगल उरत नाही, वळसा उरत नाही. समोरासमोर फासे टाकणं तेवढं उरतं. याउलट १९९० साली आलेल्या ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ या खेळात प्रत्येक बाजूला फक्त १२ तुकड्या असतात. हालचाली किती करायच्या, हे दर पाळीला एक फासा ठरवतो. सगळं हलवता येत नाही, म्हणून काय सोडायचं ते ठरवावं लागतं. सेनापतिपण मला तिथे दिसतं.

लहान सैन्यात एखादा वाईट फासा सगळा डाव बुडवतो, हा आक्षेप खरा आहे. पण असा डाव तासाभरात संपतो. त्याच संध्याकाळी दुसरा मांडता येतो आणि नशिबाचं पारडं समतोल होतं. भव्यतेचं काय, असंही विचारलं जाईल. रंगवलेल्या शेकडो सैनिकांची रांग डोळ्यांना सुखावते, हे मान्यच. मात्र एक तुकडी शेकडो माणसांचं प्रतिनिधित्व करू शकते, तेव्हा मोठी लढाई लहान टेबलावरही मावते. म्हणून नवख्याने लहान सैन्यापासून सुरुवात करावी आणि प्रत्येक नव्या तुकडीने नवा निर्णय आणला, तरच ते वाढवावं.